मुंबईत समुपदेशन शिकवणाऱ्यांना खुले पत्र

मुंबई आणि उपनगरांत मानसशास्त्र व समुपदेशनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणारे विभागप्रमुख आणि अध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी येतात तेव्हा त्यांना उपचारपद्धतींची नावे, त्यांमागचे सिद्धांत, प्रश्नावल्यांचे गुण हे सगळे पाठ असते. पण दिवा उपनगरातून आलेली बाई सासूला सोबत घेऊन समोर बसली, की पहिला प्रश्न कोणाला विचारायचा, इथेच ते अडतात. दोष त्यांचा नाही. त्यांना हे कोणी करून दाखवलेलेच नसते.

संस्कृतीचे भान हा विषय बहुतेक ठिकाणी एका व्याख्यानात उरकला जातो. त्यासाठीचे वाचनसाहित्य मुख्यतः अमेरिकेत लिहिलेले असते. त्यात उपचार करणारा बहुसंख्य समाजातला आणि समोरचा स्थलांतरित, असे धरलेले असते. मुंबईत ही मांडणी कामाला येत नाही. इथे दोघेही मराठी बोलतात, एकाच स्टेशनवर उतरतात, आणि तरीही जात, धर्म, शिक्षण, घराचे भाडे, घरातली माणसे यांमुळे दोघांची आयुष्ये पूर्ण वेगळी असतात. म्हणून आमची मागणी एकच आहे: हा विषय व्याख्यानातून प्रात्यक्षिकात आणा, मराठीत शिकवा आणि परीक्षेत तपासा. पहिल्या भेटीपासूनच्या कामाच्या क्रमात तो मुरलेला असतो. तो क्रम आम्ही कसा ठेवतो आणि कुठे काय बिघडते, ते इथे लिहितो.

पहिली मुलाखत. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत २०१३ साली सांस्कृतिक मांडणीची एक मुलाखत दिली आहे. तिच्यात १६ प्रश्न आहेत: पहिले तीन त्रास नेमका काय आहे याचे, पुढचे सात कारण, परिस्थिती आणि आधार यांचे, त्यानंतरचे तीन आजवर काय काय केले याचे, आणि शेवटचे तीन आता काय हवे याचे. साधन चांगले आहे. विद्यार्थी मात्र ते फॉर्मसारखे वाचून दाखवतात. ‘तुमच्या मते या त्रासाचं कारण काय?’ असे थेट विचारले, की समोरच्याला आपली परीक्षा चालली आहे असे वाटते आणि उत्तर येते, ‘ते तुम्हीच सांगा ना मॅडम, म्हणून तर आलोय.’ क्रम उलटा करा. आधी ‘घरातले काय म्हणतात, हे कशामुळे झालं?’, मग ‘गावाकडचे काय म्हणतात?’, आणि शेवटी ‘आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ दुसऱ्याच्या तोंडून करणी, नजर, साडेसाती, पत्रिकेतला मंगळ असे काहीही सांगता येते. ते ऐकून समुपदेशक हसला नाही, याची खात्री पटली की माणूस स्वतःचे बोलतो.

‘अजून कुठे कुठे दाखवलंत?’ हा प्रश्न कधीही गाळू नये. डॉक्टर, वैद्य, देवरुषी, माहीमचा दर्गा, बुधवारची चर्चमधली नोव्हेना प्रार्थना, मंगळवारचा सिद्धिविनायक, हे सगळे त्यात येऊ द्या. उपास, नवस, ताईत यांच्याशी वाद घालण्यात सत्र घालवू नये. फक्त चार गोष्टी तपासाव्यात: मारहाण होते का, उपाशी ठेवतात का, कर्ज काढून पैसे दिले जात आहेत का आणि चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या आहेत का. यातले काही असेल तर गप्प बसता येत नाही. मारहाण आणि अघोरी उपायांसाठी २०१३चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो विद्यार्थ्यांना माहीत हवा. यातले काहीच नसेल, तर ‘तुमचा नवस चालू राहू द्या, डॉक्टरांची गोळी मात्र परस्पर थांबवू नका’ एवढे बोलणे पुरते.

छातीत धडधड, पोटात गोळा, डोक्याला मुंग्या, हातपाय गळणे या तक्रारी आल्या, की विद्यार्थी लगेच ‘मनाचं शरीरावर आलंय’ अशी नोंद करतात. आधी तपासणीला पाठवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि गरजेप्रमाणे ईसीजी यांचे निकाल आल्याशिवाय छातीतल्या धडधडीला चिंता म्हणू नये. निकाल ठीक आले तरी ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य वर्ज्य समजावे. त्रास होतोच आहे. तो कसा होतो, श्वास उथळ झाला की छातीत आणि हाताच्या बोटांत काय घडते, हे कागदावर काढून दाखवले की माणूस पुढच्या भेटीला येतो.

नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीबद्दल थोडे. प्रश्न ९, कालावधी मागचे दोन आठवडे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० किंवा अधिक गुण आले तर नीट तपासणी. हे सगळ्यांना येते. पण हा कागद बाहेरच्या बाकावर, नवऱ्याच्या शेजारी बसून भरलेला असेल तर त्याचा उपयोग नाही. तो आत, एकट्या व्यक्तीला, मोठ्याने वाचून भरावा. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा; त्याला पटकन ‘नाही’ येते. त्यावर विश्वास ठेवून पुढे जाऊ नका. ‘जीव नकोसा वाटतो का? सकाळी जागच येऊ नये असं वाटतं का?’ इथून सुरुवात करावी आणि मग आडपडदा न ठेवता विचारावे: ‘स्वतःला संपवण्याचा विचार आला का? काही ठरवलं आहे का? त्यासाठीचं काही हाताशी आहे का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. ज्याच्या मनात तो असतो त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीला एकटे घरी पाठवायचे नाही, हाताशी असलेली वस्तू कोणाच्या ताब्यात जाईल हे त्याच भेटीत ठरवायचे, मानसोपचारतज्ज्ञांशी त्याच दिवशी बोलायचे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यायचा. तिथे मराठीत बोलता येते. पोलिसांच्या भीतीने घरचे आधीचा प्रयत्न लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधले कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरते आणि तिच्यावर खटला चालवू देत नाही. विरुद्ध सिद्ध झाले तरच अपवाद. हे कुटुंबाला स्वच्छ शब्दांत सांगता आले पाहिजे.

आता जोडप्यांकडे येतो, कारण सर्वात जास्त नुकसान इथे होते.

विद्यार्थ्यांना दोघांना एकत्र बसवून संवाद सुधारायला शिकवले जाते. संवाद नंतर. आधी दोघेही आपापल्या घरात सुरक्षित आहेत का हे कळले पाहिजे, आणि ते एकत्र बसवून कधीच कळत नाही. आमचा क्रम असा: पहिल्या भेटीत साधारण २५ मिनिटे दोघे एकत्र, तक्रार काय आणि दोघांना काय हवे एवढेच. त्यानंतर प्रत्येकाशी स्वतंत्र, किमान ३० मिनिटे, शक्यतो वेगळ्या दिवशी. हे स्वतंत्र भेटणे सगळ्यांसाठीच असते, असे आधीच सांगायचे, म्हणजे एकावर संशय घेतला असे होत नाही. आणि एकट्याने भेटण्याआधी गुपिताचा नियम दोघांसमोर ठरवायचा: एकाने खासगीत सांगितलेले दुसऱ्याला आम्ही सांगणार नाही, पण एकत्र काम चालू ठेवणे खोटेपणाचे होईल असे काही कळले, तर पुढे काय करायचे हे त्या व्यक्तीशीच बोलू. हा नियम न ठरवता विवाहबाह्य संबंधांची कबुली ऐकून बसलेला विद्यार्थी दुसऱ्या सत्रापासून कोणाकडेही सरळ पाहू शकत नाही.

स्वतंत्र भेटीत ‘घरात हिंसा होते का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही, तसं काही नाही’. कृतीबद्दल विचारा. भांडण झाले की हात उचलला जातो का? कधी गळा दाबला आहे का? पगार, एटीएम कार्ड, मोबाइल कोणाकडे असतो? माहेरी फोन केलेला चालतो का? नको असताना शरीरसंबंध होतात का? इथे येऊन काय बोललीस, हे घरी विचारतील का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना चेहऱ्यावर भीती दिसली, तर एकत्र सत्रे थांबवावीत. खोलीत मोकळेपणाने बोललेल्या प्रत्येक वाक्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. त्यात गळा दाबला गेला असेल तर धोका जिवाचा समजावा. अशा वेळी तिच्यासोबत सुरक्षिततेची योजना करायची: कागदपत्रे कुठे, थोडे पैसे कुठे, रात्री कोणाचे दार वाजवायचे, मुलांचे काय. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातले संरक्षण अधिकारी, १८१ ही महिलांची हेल्पलाइन, आणि महापालिका व सेहत संस्थेने २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र हे विद्यार्थ्याने स्वतः जाऊन पाहिलेले हवे. तडजोड करून देणे हे समुपदेशकाचे यश आहे, ही समजूत वर्गातच मोडून काढा. जोडपे टिकवण्याच्या नावाखाली बाईला मारहाणीत परत पाठवले जाते, आणि ते करणारा मनापासून चांगले काम केल्याच्या समाधानात असतो.

सासू, आई, मोठा भाऊ यांचे काय? त्यांना दाराबाहेर ठेवणे हा पुस्तकी उपाय झाला. घरी गेल्यावर ते आहेतच, आणि फीसुद्धा अनेकदा त्यांनीच दिलेली असते. १९५०च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना उपचारात सामील केले होते. आपल्याकडे कुटुंबाला धरून काम करण्याची परंपरा जुनी आहे, तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण पद्धत हवी. दोघांची संमती घेऊन सासूबाईंना १५ मिनिटांची वेळ द्यावी, ‘घरात काय बदललेलं तुम्हाला बघायला आवडेल?’ हा एकच प्रश्न धरून. त्यांच्या काळजीला मान द्यावा, सुनेने खोलीत काय सांगितले याचा एक शब्दही देऊ नये. सगळ्यात वाईट म्हणजे कॉरिडॉरमधले बोलणे. सत्र संपल्यावर बाहेर थांबून ‘तुम्ही हिला जरा समजवा’ म्हणणाऱ्या नातेवाइकाशी दोन मिनिटे बोललात आणि सुनेने ते पाहिले, की पुढच्या भेटीत ती गप्प बसते. तिथे एकच उत्तर: ‘हे आपण आत, त्यांच्यासमोर बोलू.’

आईवडिलांपासून मनाने आणि घराने वेगळे होणे म्हणजे परिपक्वता, हे पाश्चात्त्य पुस्तकातले उद्दिष्ट इथे जसेच्या तसे लावू नये. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनातले घर आधी २२५, मग २६९, आता ३०० चौरस फुटांचे. वेगळे राहायचे तर कल्याणपलीकडे भाड्याने जावे लागते, आणि मग मूल सांभाळायला कोणी नसते. म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत दोघांना घराचा नकाशा काढायला सांगा: कोण कुठे झोपते, कोणते दार बंद होते, कडी आहे का, घर रिकामे कधी असते. त्याच कागदावर निर्णयांचा तक्ता करा: पगार कोणाच्या हातात जातो, भाजी काय आणायची, मुलाची शाळा, माहेरी कधी जायचे, पाहुण्यांना किती दिवस ठेवायचे, हे प्रत्येक कोण ठरवते. दोघांनी तक्ता वेगवेगळा भरावा आणि मग शेजारी ठेवावा. जिथे उत्तरे जुळत नाहीत तिथे भांडण असते. सगळे घर बदलायचे नसते. एक-दोन निर्णय दोघांच्या हातात आले, तरी पुढचे काम सुरू होते.

हा नकाशा लैंगिक तक्रारींमध्ये तर फारच उपयोगी पडतो. लग्नाला दोन वर्षे झाली, संबंध होत नाहीत, अशी तक्रार घेऊन आलेल्या जोडप्याच्या शेजारच्या गादीवर सासरे झोपत असतील, तर आधी त्याचा विचार करावा लागतो. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी १९७० साली मांडलेला टप्प्याटप्प्याने स्पर्शाचा सराव अजूनही उपयोगी आहे. त्याला लागणारा निवांत तास मात्र इथे मिळत नाही. मग आठवड्यातून दोनदा २० मिनिटे, घर कधी रिकामे असते ते पाहून, आणि सुरुवातीचे टप्पे कपड्यांसह. ‘रोज अर्धा तास एकमेकांशी बोला’ हा गृहपाठही असाच फसतो. नवरा रात्री दहाला पोहोचतो आणि जेवण सगळ्यांबरोबर होते. स्टेशनपर्यंत सोबत चालत जाणे जमते, रविवारी भाजी आणायला दोघांनी जाणे जमते. जे जमते तेवढेच द्या.

आणि विद्यार्थ्यांना हे शब्द मराठीत उच्चारता आले पाहिजेत. लिंग, योनी, वीर्य, हस्तमैथुन, पाळी हे शब्द येताच इंग्रजीत शिरणारा समुपदेशक समोरच्याला सांगत असतो की हे बोलण्यासारखे नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली याच शहरात संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मासिक चालवून हे विषय स्वच्छ मराठीत मांडले. शंभर वर्षांनी आपल्या वर्गात त्यावर खाली मान जाते, याचे आम्हाला खरेच वाईट वाटते. धात (वीर्य) जाते, म्हणून अशक्तपणा आला, अशी तक्रार तरुण मुलगे आजही घेऊन येतात. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली या लक्षणसमूहाचे वर्णन केले. हसून ‘गैरसमज आहे’ म्हणून वाटेला लावलेला मुलगा रस्त्यावरच्या तंबूतल्या वैद्याकडे जातो. आधी पूर्ण ऐका, लघवीची तपासणी करून घ्या, शरीरात काय घडते ते चित्र काढून सांगा, आणि मागे नैराश्य किंवा चिंता आहे का ते जरूर बघा.

जातीबद्दल वर्गात बोलणे टाळले जाते. त्याचा फटका सत्रात बसतो. ऑफिसात आरक्षणावरून टोमणे ऐकणाऱ्या माणसाला ‘तुम्ही जास्त विचार करता का?’ असे विचारणे म्हणजे त्या टोमण्यात आपली भर घालणे. विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे त्रास देणाऱ्या समजुतींना तर्काने आव्हान देण्याची पद्धत, मराठीत रुजवण्याचे मोठे काम कि. मो. फडके यांनी केले. ती पद्धत आम्हीही वापरतो, आणि म्हणूनच सांगतो की समजुतीला आव्हान देण्याआधी घटना काय घडली ते मान्य करावे लागते. अपमान झाला, ही घटना आहे. तिला आव्हान द्यायचे नसते. तारखा लिहून ठेवणे, साक्षीदार, तक्रार कुठे करता येते, हे आधी. त्यातून ‘माझीच लायकी नाही’ असे मनात बसले असेल, तर काम त्या वाक्यावर. आडनावावरून अंदाज बांधू नये, ‘आपल्यात असं असतं ना’ हे वाक्य सत्रात उच्चारू नये. समोरचा तुमच्यातला आहे हे तुम्ही ठरवलेले असते, त्याने नाही.

समलिंगी मुलाला ‘बरा करा’ म्हणून घेऊन येणाऱ्या पालकांसाठी उत्तर तयार असावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे ‘बदलण्याचे उपचार’ हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पालकांची भीती, नातेवाईक काय म्हणतील याची, म्हातारपणी मुलाला कोण याची, ही खरी असते. तिच्यासाठी त्यांना स्वतंत्र वेळ द्या. मुलावर उपचार नाही.

बोलण्याच्या रीतीबद्दल एक बारीक पण महत्त्वाचे. वयाने लहान दिसणाऱ्या बायकोला ‘तू’ आणि नवऱ्याला ‘तुम्ही’ म्हणणारे विद्यार्थी आम्ही सतत पाहतो. पहिल्या पाच मिनिटांत बाजू ठरून जाते. दोघांनाही ‘तुम्ही’, आणि काय हाक मारू ते दोघांना विचारून. उलट बाजूने, माणसे आपल्याला ‘सर’, ‘ताई’ म्हणून सल्ला मागतात. मानसोपचारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी १९७३ साली गुरू-शिष्य नात्याचा विचार उपचाराच्या संदर्भात मांडला, तो याच अपेक्षेबद्दल होता. सल्ला न देण्याचे व्रत घेतलेला विद्यार्थी चार वेळा ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारतो आणि ते कुटुंब पुन्हा येत नाही. पहिल्याच भेटीत हातात काहीतरी पडले पाहिजे: त्रासाचे साध्या भाषेत स्पष्टीकरण आणि आठवड्यात करायची एक कृती. नवरा सोडू का, नोकरी सोडू का, हे निर्णय मात्र कोणाच्याही वतीने घ्यायचे नाहीत. किती भेटी लागतील हेही सांगावे. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून ३० ते ४० मिनिटांच्या ६ ते ८ भेटींत तीव्र नैराश्यावर केलेले काम २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सहा भेटींचा आराखडा धरला, तर हातावर पोट असलेल्या माणसालाही हिशोब करता येतो.

फोनवरच्या सत्रांना वेगळा सराव लागतो. सुरुवातीला दर वेळी विचारायचे: आत्ता कुठे आहात, आजूबाजूला कोण आहे, बोलता येईल ना? कोणी आले तर वापरायचे एक साधे वाक्य आधी ठरवून ठेवायचे. गच्ची, जिना, पार्किंगमधली रिक्षा चालते. लोकलचा डबा नाही. आणि दुसऱ्याच्या हातात जाणाऱ्या फोनवर व्हॉइस नोट किंवा गृहपाठ पाठवू नये.

हे सगळे शिकवायचे कसे? प्रत्येक विद्यार्थ्याने दोन्ही वर्षांत मिळून किमान वीस भूमिका-सराव (रोल-प्ले) मराठीत किंवा हिंदीत करावेत. त्यातल्या निदान पाचांचे संमतीने ध्वनिमुद्रण व्हावे, दहा मिनिटांचे शब्दशः लेखन व्हावे, आणि पर्यवेक्षकाने ओळीओळीवर बोट ठेवून चर्चा करावी. सासू खोलीत येते, नवरा बायकोच्या वतीने उत्तरे देतो, बाई एकटी झाल्यावर रडते, हे प्रसंग सक्तीचे असावेत. दुभाषा म्हणून नवरा किंवा मूल कधीही वापरू नये, हेही तिथेच शिकता येते. तोंडी परीक्षेत ३० मिनिटांची मुलाखत असावी, आणि जोडप्यात स्वतंत्र भेट न घेता एकत्र काम सुरू केले तर त्या भागात नापास. गोपनीयतेच्या मर्यादा मराठीत, दोन मिनिटांत, समजेल अशा सांगता याव्यात: जिवाला धोका, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली द्यावी लागणारी माहिती.

संबंधित आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात समुपदेशकांचाही समावेश आहे. त्यानुसार अभ्यासक्रमांची फेररचना करताना प्रात्यक्षिकाचे तास हातात असतात, ते या कामासाठी राखून ठेवा. आमच्यापैकी प्रत्येकजण दर शैक्षणिक सत्रात दोन शनिवार भूमिका-सरावासाठी विनामोबदला यायला तयार आहे. मराठीतले पहिल्या मुलाखतीचे टिपण, घराच्या नकाशाचा आणि निर्णयांच्या तक्त्याचा नमुना, आणि स्वतंत्र भेटीत विचारायच्या प्रश्नांची यादी आम्ही मागेल त्या विभागाला देऊ. ती वापरून पाहा, तुमच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवाने दुरुस्त करा, आणि दुरुस्त्या आम्हालाही कळवा.

आपले,
मुंबईत व्यक्ती आणि जोडप्यांसोबत मराठीतून काम करणारे मानसोपचारक व समुपदेशक